नैरोबीचे आगगाडी-संग्रहालय

बहुतेक राजधान्या आगगाडीहून वयाने वडील असतात. आधी नदीचा काठ, मग बाजारपेठ, मग किल्ला व राजवाडा. आणि या सर्वांच्या मागाहून, वस्तीच्या कडेकडेने वाट काढीत, लोहमार्ग येतो. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाची राजधानी नैरोबी हिची कथा याच्या अगदी उलट आहे. तेथे आधी रूळ आले आणि शहर मागाहून आले. रूळ येण्यापूर्वी त्या जागी मसाई लोक आपली गुरे पाण्यावर आणीत, आणि अलीकडे वाहतुकीच्या तांड्यांचा एक लहानसा तळ पडला होता. त्यापलीकडे वस्ती अशी नव्हतीच. म्हणून नैरोबीतील लहानसे रेल्वे-संग्रहालय हे एका खात्याच्या जुन्या सामानाचे कोठार नव्हे. ती त्या शहराची जन्मपत्रिकाच होय.

हे संग्रहालय मुख्य रेल्वे स्थानकापासून पायी थोड्याच अंतरावर आहे. १९७१ साली, केनिया, युगांडा व टांझानिया या तिन्ही देशांची रेल्वे एकाच व्यवस्थेखाली चालत होती त्या काळात, ते उघडण्यात आले. रेल्वेचीच एक जुनी इमारत, तिच्यात वस्तू मांडलेले दालन, आणि बाहेरच्या आवारात रुळांवर उभी असलेली जुनी एंजिने व डबे, एवढाच त्याचा पसारा. मोठमोठ्या राजधान्यांतील भव्य संग्रहालये पाहिलेल्या मनुष्यास ते प्रथमदर्शनी ओकेबोके वाटण्याचा संभव आहे. आवारातील कित्येक एंजिनांचा रंग उडाला आहे, काहींवर गंज चढला आहे. परंतु येथे काय पाहावयाचे हे एकदा समजले म्हणजे दोन-तीन तास केव्हा निघून गेले याचे भान राहत नाही.

दालनात जुनी छायाचित्रे आहेत, गाड्यांच्या व जहाजांच्या प्रतिकृती आहेत, प्रवाशांच्या भोजनासाठी वापरलेली भांडी आहेत. रेल्वेच्या संग्रहालयात जहाजे कशासाठी, असा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर असे की, हा लोहमार्ग समुद्रापासून निघून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी संपत असे, आणि सरोवराच्या पलीकडे युगांडात जाण्यासाठी रेल्वेच्याच आगबोटी चालत. त्यांपैकी ‘विल्यम मॅकिनन’ ही आगबोट तर सुट्या भागांच्या रूपाने समुद्रकिनाऱ्यापासून आत नेऊन काठावर जोडली आणि १९०० साली पाण्यात सोडली. भांड्यांचीही एक कथा आहे. आरंभीच्या गाड्यांत भोजनाचा डबा नसे. ठरलेल्या स्थानकावर गाडी थांबे, उतारू खाली उतरत आणि जवळच्या विश्रामगृहात जेवून परत गाडीत बसत. त्या विश्रामगृहाला तेथे म्हणत ‘डाक बंगला’. हा शब्द आफ्रिकेत कोठून गेला हे मराठी वाचकास सांगावयास नको.

याच दालनात एक चमत्कारिक आसन आहे. ते एंजिनाच्या अगदी पुढच्या अंगास बसवीत आणि त्यावर बडे पाहुणे बसत. समोर धूर नाही, भिंत नाही. मोकळ्या माळावरील जिराफ, झेब्रे, हरणे यांचे कळप पाहत पाहत प्रवास व्हावयाचा. १९०७ साली विन्स्टन चर्चिल यांनी आणि १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या मार्गावर अशा रीतीने एंजिनाच्या पुढ्यात बसून प्रवास केला. आसनावर बसणाऱ्यांची नावे इतिहासाने जपून ठेवली आहेत. त्या आसनाखालून सरकत जाणारे रूळ ज्यांनी अंथरले त्यांचे काय झाले, हा प्रश्न मात्र पाहणाऱ्याने स्वतःच विचारावा लागतो.

हा मार्ग बांधलाच कशासाठी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील राष्ट्रांनी आफ्रिका खंड आपापसांत वाटून घेतला. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी निघते. नाईलच्या पाण्यावर मिसर देश जगतो. आणि मिसरातून सुएझचा कालवा जातो, जो हिंदुस्थानच्या वाटेवर आहे. तेव्हा नाईलचा उगम दुसऱ्या कोणा राष्ट्राच्या हाती जाऊ नये, अशी ब्रिटिश मुत्सद्द्यांची चिंता होती. गुलामांचा व्यापार मोडावयाचा, हेही कारण पुढे करण्यात आले आणि त्यात तथ्यही होते. १८९६ साली ब्रिटिश पार्लमेंटने ३० लक्ष पौंडांचा खर्च मंजूर केला. काम पुरे होईपर्यंत तो सुमारे ५५ लक्षांवर गेला. विरोधकांनी या उद्योगाची यथेच्छ टवाळी केली, आणि वेड्यांची रेल्वे या अर्थाचे नाव तिला जे चिकटले ते अद्याप सुटलेले नाही. तिचे खरे नाव होते ‘युगांडा रेल्वे’. आणि गंमत अशी की, १९०२ साली हद्दींची फेररचना झाल्यावर या रेल्वेचा एकही मैल युगांडात उरला नाही! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असाच तो प्रकार झाला. युगांडाची आजची राजधानी कंपाला येथे रूळ पोहोचले ते १९३१ साली.

१८९६ साली मोंबासा बंदरात कामास आरंभ झाला. जॉर्ज व्हाइटहाउस हे मुख्य अभियंता होते. मार्ग मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतराचा, करण्याचे ठरले. हिंदुस्थानात या मापाचे रूळमार्ग पुष्कळ होते, त्यामुळे तेथील सामान, वापरलेली एंजिने आणि अनुभवी माणसे हाताशी होती. स्लीपर मात्र मुख्यतः पोलादाचे घातले, कारण लाकडाचे स्लीपर वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडले असते. किनारा सोडल्यावर लागलीच तारूचे निर्जल, काटेरी रान लागले. रूळ जेथवर पोहोचले तेथवर गाडीनेच पाणी न्यावे लागे. पुढे त्सेत्से माशीचा प्रदेश लागला. ही माशी चावली म्हणजे बैल, घोडे व खेचरे रोगाने मरतात. म्हणून जे ओझे जनावराने वाहावयाचे ते माणसाच्या डोक्यावर आले.

माणसे आणावयाची कोठून? मार्गालगतचे लोक आपली शेती व आपली गुरे सांभाळून राहणारे होते. मजुरीवर वर्षानुवर्षे घर सोडून जाण्याची त्यांना गरजही नव्हती आणि सवयही नव्हती. त्यातच त्या दशकात गुरांचा साथीचा रोग, देवी आणि दुष्काळ यांनी तो प्रदेश गांजून गेला होता. म्हणून रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानकडे दृष्टी वळविली. परदेशी मजूर पाठविण्यासंबंधीच्या कायद्यात १८९६ साली त्यासाठी दुरुस्ती करण्यात आली. तीन वर्षांचा करार आणि करार संपल्यावर परतीचा प्रवास फुकट, अशा अटीवर भरती झाली. भरती मुख्यत्वे पंजाबात होई आणि मजूर जहाजावर चढत ते कराचीस. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातच मोडत असे. अलीभाई मुल्ला जीवनजी या कराचीच्या व्यापाऱ्याने मजूर व सामान पुरविण्याचा मोठा मक्ता घेतला होता. परंतु १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग उद्भवला, तो पुढे कराचीतही शिरला, आणि मजुरांच्या रवानगीत खंड पडला. पुण्यामुंबईच्या घराघरांत ज्या प्लेगच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्याच प्लेगने समुद्रापलीकडे चाललेल्या या कामालाही असा हिसका दिला होता.

संग्रहालयातील ज्या वस्तूभोवती सर्वांत अधिक गर्दी होते ती वस्तू म्हणजे रेल्वेचा एक जुना डबा. त्याची हकीकत अशी. १९०० सालच्या जून महिन्यात किमा या स्थानकाच्या आसपास एका नरभक्षक सिंहाने धुमाकूळ घातला होता. रेल्वे पोलिसांचे अधिकारी चार्ल्स रायल हे दोघा युरोपीय सोबत्यांसह त्याच्या शिकारीसाठी तेथे थांबले. त्यांचा डबा बाजूच्या रुळावर उभा केला होता. रात्री पाळीपाळीने जागावयाचे ठरले आणि पहिली पाळी रायल यांनी घेतली. सोबती निजले, एक वरच्या फळीवर, एक खाली जमिनीवर. पुढे रायल यांनाही डुलकी लागली असावी. डब्याचे दार बाजूला सरकणारे होते आणि डबा किंचित कललेला होता. सिंह दारातून आत शिरला आणि त्याच्या वजनाने डबा अधिक कलताच दार आपोआप मागे सरकून बंद झाले! जमिनीवर निजलेल्या मनुष्याच्या अंगावर पाय ठेवून सिंहाने रायल यांना धरले आणि त्यांच्यासह खिडकीतून उडी टाकून तो अंधारात नाहीसा झाला. पुढे सिंह सापळ्यात सापडला आणि त्याला गोळी घालण्यात आली. हा डबा समोर पाहताना, ते सरकते दार आणि ती खिडकी पाहताना, अंगावर काटा उभा राहतो यात संशय नाही.

याच्याही आधीची त्सावोची कथा जगप्रसिद्ध आहे. मोंबासापासून सुमारे १३० मैलांवर त्सावो नदीवर पूल बांधण्याचे काम जॉन हेन्री पॅटरसन या अधिकाऱ्याकडे होते. १८९८ च्या मार्चपासून डिसेंबरपर्यंत दोन आयाळहीन सिंहांनी मजुरांच्या छावण्यांत शिरून तंबूंतून माणसे ओढून नेली. काटेरी कुंपणे, शेकोट्या, डब्यांचा खणखणाट, कशाचाही उपाय चालेना. डिसेंबरच्या आरंभी मजूर इतके भयभीत झाले की, एक गाडी अडविण्यासाठी ते रुळांवर आडवे पडले आणि ती थांबताच तीत बसून किनाऱ्याकडे निघून गेले. तीन आठवडे पुलाचे काम बंद पडले. त्याच महिन्यात पॅटरसनने दोन्ही सिंह मारले. त्यांची कातडी १९२४ साली शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने विकत घेतली आणि त्यांत पेंढा भरून ते सिंह तेथे मांडले. किती माणसे त्यांनी खाल्ली? पॅटरसनने आपल्या पुस्तकात २८ हिंदी मजुरांचा आकडा दिला आणि मेलेल्या आफ्रिकी लोकांची कोणी नोंदच ठेवली नाही हेही सांगितले. पुढे त्याने हा आकडा १३५ पर्यंत नेला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सिंहांच्या हाडांची व केसांची रासायनिक परीक्षा करून सुमारे ३५ माणसे असा अंदाज बांधण्यात आला.

येथे क्षणभर थांबून दुसरे काही आकडे समोर मांडले पाहिजेत. युगांडा रेल्वेच्या बांधकामासाठी हिंदुस्थानातून एकूण ३१,९८३ मजूर आणण्यात आले. त्यांपैकी २,४९३ मरण पावले. ६,४५४ आजाराने किंवा अपघाताने निकामी होऊन परत पाठविले गेले. करार संपवून परतले ते १६,३१२, आणि तेथेच राहिले ते ६,७२४. म्हणजे दर तेरा मजुरांमागे एक मेला आणि दर पाचांत एक शरीराने खचून घरी आला. मोंबासापासून सरोवरापर्यंतचा मार्ग सुमारे ५८० मैलांचा. तेव्हा दर मैलामागे चार हिंदी मजुरांहून अधिक बळी पडले, असा हिशोब होतो. आफ्रिकी मजूर व हमाल किती मेले, याचा असा हिशोब मांडता येत नाही.

आता हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. त्सावोच्या सिंहांनी खाल्लेले, फार तर १३५, बहुधा ३५. एकूण मेलेले हिंदी मजूर २,४९३. उरलेल्यांना कोणी मारले? हिवतापाने, हगवणीने, चिघळलेल्या जखमांनी, दूषित पाण्याने, दरडींनी आणि अपघातांनी. हिवताप डासांवाटे पसरतो याचा निर्णायक शोध रोनाल्ड रॉस यांनी हिंदुस्थानातच, सिकंदराबादेस, १८९७ च्या ऑगस्टमध्ये लावला. ज्या वेळी हा शोध लागत होता त्याच वेळी समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या रानात हिंदुस्थानचे मजूर मच्छरदाणीवाचून निजत होते. ज्ञान आणि त्याची गरज असलेला मनुष्य यांची भेट होण्यास असा विलंब लागतो.

सिंहाचे भय खरे होते. त्याला क्षुल्लक म्हणता येणार नाही. परंतु मनुष्याच्या स्मृतीचा स्वभावच असा आहे की, गर्जना करून येणारे मरण तिच्यात ठसते आणि गुपचूप येणारे मरण निसटून जाते. सिंहाने नेलेल्या एका अधिकाऱ्याचा डबा जपून ठेवता येतो. तापाने गेलेल्या मजुराचे काय जपून ठेवावे? त्याचा तंबू कुजला, त्याची थाळी दुसऱ्याने घेतली, त्याच्या अंगठ्याचा ठसा असलेला कागद कोठे पडला कोणास ठाऊक. म्हणून या संग्रहालयात फिरताना सर्वांत साधी, सर्वांत दुर्लक्षित वस्तू अधिक निरखून पाहावी: आवारातील रूळ आणि त्याखालचा पोलादी स्लीपर. त्या मजुराची खरी निशाणी तीच होय.

रूळ आज जेथे नैरोबी आहे तेथे, मोंबासापासून ३२७ व्या मैलावर, १८९९ च्या मे महिन्याच्या अखेरीस येऊन पोहोचले. मसाई भाषेत थंड पाण्याची जागा या अर्थाचा जो शब्दप्रयोग आहे, त्यावरून नैरोबी हे नाव पडले. जागा दलदलीची होती. नगर वसविण्यास उत्तम अशी ती मुळीच नव्हती. पण रेल्वेच्या दृष्टीने तिचा एक मोठा गुण होता. यापुढे किकुयू लोकांच्या डोंगराळ मुलखाची चढण सुरू व्हावयाची होती. त्यापूर्वीची ही शेवटची प्रशस्त सपाटी होती. येथे पाणी होते, एंजिनांची दुरुस्ती करण्यास, सामानाचे ढीग घालण्यास आणि पुढच्या अवघड कामाची तयारी करण्यास ऐसपैस जागा होती. रेल्वेची मुख्य कचेरी मोंबासाहून येथे हलली. कारखाना आला, कामगारांच्या चाळी आल्या, त्यांच्या गरजेपुरता हिंदी दुकानदारांचा बाजार आला. १९०२ साली त्या बाजारात प्लेग शिरला तेव्हा तो जाळून टाकण्यात आला आणि पुन्हा उभा राहिला. १९०५ साली राजधानीही मोंबासाहून येथे आली. आपल्याकडे घाट चढण्यापूर्वी कल्याण-कर्जतला जे महत्त्व आले, त्याच जातीचे हे महत्त्व. फरक इतकाच की, येथे त्या स्थानकाचेच राजधानीत रूपांतर झाले.

नैरोबीच्या पुढे रूळ साडेसात हजार फुटांहून अधिक उंचीवर चढतात आणि मग पृथ्वीच्या पाठीवरील त्या प्रचंड खचदरीत उतरतात. कडा इतका उभा होता की, वळणावळणांचा कायमचा मार्ग तयार होईपर्यंत डबे दोरखंडांच्या साहाय्याने उतारावरून खाली सोडण्याची तात्पुरती योजना करावी लागली. १९०१ च्या डिसेंबरमध्ये रूळ सरोवराच्या काठी, आज ज्याला किसुमू म्हणतात आणि त्या वेळी पोर्ट फ्लॉरेन्स म्हणत, तेथे पोहोचले.

हा चढउतार ध्यानात घेतला म्हणजे आवारातील अजस्र एंजिनांचे रहस्य उलगडते. त्यांत ‘माउंट गेलाय’ हे ५९१८ क्रमांकाचे एंजिन सर्वांत लक्षवेधी आहे. ते गॅरॅट जातीचे आहे. साध्या एंजिनात बाष्पक, म्हणजे बॉयलर, चाकांच्या डोक्यावर बसविलेला असतो. एंजिनाची शक्ती वाढवावयाची तर बॉयलर मोठा हवा आणि चाके अधिक हवीत. पण चाकांची रांग लांब झाली की ती डोंगरी वळणावर वळत नाही, आणि बॉयलर फार वर गेला की तोल जातो. हर्बर्ट गॅरॅट या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञाने यावर १९०७ साली तोड काढली. त्याने चाकांचे दोन स्वतंत्र संच केले, एक पुढे व एक मागे, आणि बॉयलर मधल्या मोकळ्या जागेत टांगला. पुढच्या संचावर पाणी, मागच्यावर इंधन व पाणी. पालखी जशी पुढचे आणि मागचे भोई मिळून नेतात, वळणावर पुढचे आधी वळतात, मागचे मागाहून वळतात, आणि मधली पालखी मात्र सरळ राहते, तशीच ही रचना. बॉयलरखाली चाके नसल्यामुळे तो हवा तितका रुंद करता येतो. आणि भार अनेक चाकांवर वाटला गेल्याने रुळांना इजा होत नाही.

या मार्गावर गॅरॅट एंजिने १९२६ पासून आली. ‘माउंट गेलाय’ ज्या वर्गातील आहे त्या वर्गाची ३४ एंजिने मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्यात १९५५-५६ साली तयार झाली. प्रत्येकाचे वजन सुमारे २५२ टन आणि लांबी शंभर फुटांहून अधिक. मीटर गेजवर याहून मोठे वाफेचे एंजिन जगात कोठेही चालले नाही. बाराशे टनांची मालगाडी घेऊन समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फूट उंचीच्या नैरोबीपर्यंत ती येत. पुढे डिझेलची एंजिने आली आणि १९८० च्या सुमारास वाफेचे युग तेथे संपले.

या एंजिनांच्या अंगावरील पितळी पाट्या वाचीत गेले तर एक गोष्ट ध्यानात येते. या वर्गाच्या एंजिनांना पूर्व आफ्रिकेतील पर्वतांची नावे दिली. दुसऱ्या एका वर्गास गव्हर्नरांची. आणखी काहींना तेथील जमातींची. पर्वतांना मान मिळाला, गव्हर्नरांना मिळाला, जमातींनाही मिळाला. परंतु ज्या जमातींची नावे एंजिनांवर झळकली, त्यांच्या पूर्वजांना विचारून तो मार्ग त्यांच्या भूमीतून नेलेला नव्हता. नंदी लोकांत, लोखंडी साप धूर ओकीत येईल, असे भविष्य वर्तविले गेले होते. त्यांनी दहा वर्षे शस्त्र धरून विरोध केला. तारायंत्राच्या तारा आणि रुळांचे बोल्ट ते काढून नेत. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा नेता कोइतालेल याला बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून एका ब्रिटिश अधिकाऱ्याने गोळी घातली, आणि तो विरोध मोडला.

त्यापुढचा परिणाम अधिक दूरगामी झाला. मार्ग तर बांधला, पण त्यावरून न्यावयास माल कोठे होता? खर्च भरून निघावा म्हणून सरकारने युरोपीय वसाहतवाल्यांना बोलाविले आणि मार्गालगतच्या उंच, थंड, सुपीक जमिनी त्यांच्या हवाली केल्या. किकुयू, मसाई, नंदी यांच्या हातून ती भूमी गेली. हिंदी लोकांनाही तेथे शेतजमीन घेण्यास मज्जाव झाला. जमिनीचे हे दुःखच पुढे केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या मुळाशी होते. १९६३ साली देश स्वतंत्र झाला. रूळ केवळ माल वाहत नाहीत. ते जमिनीचे मालकही बदलतात.

जे हिंदी मजूर मागे राहिले, त्यांनी आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या व्यापाऱ्यांनी स्थानकास्थानकांवर दुकाने घातली. रेल्वेच्या कचेऱ्यांत व कारखान्यांत हिंदी कारकून व कारागीर दीर्घ काळ होते. रुपया हे तेथील चलन १९२० पर्यंत टिकले. जीवनजी यांच्या नावाचे उद्यान नैरोबीच्या मध्यभागी आजही आहे. पण यांहून टिकाऊ स्मारक भाषेत राहिले आहे. स्वाहिली भाषेत दुकानास ‘दुका’ म्हणतात, चपातीस ‘चपाती’च म्हणतात. आणि आगगाडीस म्हणतात ‘गारी ला मोशी’. ‘मोशी’ म्हणजे धूर. आणि ‘गारी’ म्हणजे आपली ‘गाडी’. आपल्या पूर्वजांनी त्या नव्या यंत्रात आग पाहिली, आफ्रिकेच्या लोकांनी धूर पाहिला. गाडी मात्र दोघांची एकच. ज्या मजुरांची नावे कोणत्याही पितळी पाटीवर नाहीत, त्यांच्या ओठांवरचा हा शब्द तेथील लहान मूलही आज उच्चारते.

२०१७ साली मोंबासा व नैरोबी यांच्यामध्ये चिनी कंपनीने बांधलेला नवा, अधिक रुंद मापाचा मार्ग सुरू झाला आणि त्या दोन शहरांमधील जुनी रात्रीची उतारू गाडी बंद झाली. नव्या मार्गाच्या खर्चाविषयी आणि कर्जाविषयी तेथील पार्लमेंटात व वर्तमानपत्रांत पुष्कळ वाद झाला. १८९६ साली लंडनच्या पार्लमेंटात झालेल्या वादाची आठवण तो वाचताना सहजच होते. मात्र या वेळी प्रश्न विचारणारे लोक त्याच देशाचे होते, हा भेद लहान नव्हे.

देवळापुढे उभे राहिले म्हणजे दृष्टी कळसाकडे जाते. पायाचे दगड कोणी वाकून पाहत नाही. हे लहानसे संग्रहालय पाहणाऱ्याने थोडे वाकण्याचा प्रयत्न करावा. रायल यांचा डबा अवश्य पाहावा, रूझवेल्ट यांच्यासारख्या पाहुण्यांचे आसन पाहावे, ‘माउंट गेलाय’च्या चाकांशेजारी उभे राहून आपली उंची मोजावी. आणि मग निघताना स्थानकाच्या दिशेने क्षणभर कान द्यावा. नैरोबीच्या उपनगरांतून कामकऱ्यांना नेणाऱ्या-आणणाऱ्या गाड्या अद्याप त्याच एक मीटर मापाच्या मार्गावरून धावतात. त्या खडखडाटात, दर मैलामागे चार या हिशोबाने, कोणाकोणाची आठवण ठेवावयाची, हे मग कोणी सांगावे लागत नाही.